५४ रात्री, एक ओम्नी आणि आम्ही दोघं : रेवदंडा ते शिरोडा

सुरूबन :

डिसेंबर लागला की पुण्यात माझे गुडघे आणि ह्यांचा खोकला पहाटे पाचला एकदमच जागे होतात. ह्यांची निवृत्ती यंदा झाली, माझी दोन वर्षांपूर्वी. लेक म्हणाली, "केरळला जा, छानपैकी रिसॉर्टमध्ये राहा महिनाभर." महिनाभर रिसॉर्ट म्हणजे किती, हा हिशेब ह्यांनी कागदावर मांडला आणि त्याचा फोटो तिलाच पाठवला. तिकडून नुसता अंगठा आला. मग केरळऐवजी कोकण किनारा ठरला आणि आमची जुनी ओम्नी व्हॅन गॅरेजला गेली. मागची सीट काढून प्लायचा ओटा, त्याखाली दोन खण, वर घडीची गादी, एका बर्नरची शेगडी, छोटा सिलिंडर, वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन आणि एक तंबू. ४ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या दिवशी निघालो, २७ जानेवारीला परत आलो. ताम्हिणी उतरल्यावर मी स्वेटर काढला तो परतीला आंबोलीतच घातला.

या प्रवासाबद्दल इथे बऱ्याच जणांनी विचारलं होतं म्हणून सविस्तर लिहिते. "दहा सुंदर किनारे" छापाची यादी हवी असेल तर मात्र हा धागा तुमच्यासाठी नाही.

पहिल्याच रात्री फजिती झाली. रेवदंड्याच्या पुढे एका किनाऱ्यावर संध्याकाळी पाचला पोचलो. ओहोटी होती, पुळण दूरवर उघडी पडलेली. दुपारच्या भरतीने शेवाळ, काड्या आणि शिंपल्यांची एक रेघ सोडलेली होती. आम्ही स्वतःला शहाणे समजून त्या रेघेच्याही दहा पावलं वर तंबू ठोकला. रात्री बाराच्या सुमारास माझ्या पायाशी गार लागलं. आधी वाटलं ह्यांनी पाण्याची बाटली सांडली. मग तंबूखालून वाळू सरकतेय असं वाटलं आणि आम्ही अंथरूण-पांघरूण कवटाळून जे पळालो ते थेट रस्त्यावरच्या ओम्नीपर्यंत. ह्यांची एक चप्पल अरबी समुद्राला अर्पण झाली.

सकाळी एक आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "घरी कालनिर्णय नाय काय तुमच्या?" हे म्हणाले, मोबाइलवर हवामान बघितलं होतं. "हवामान कशाला? काल पुनव. पुनवेला नि अवसेला उधाण. नि थंडीत रातची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी. पावसाळ्यात उलटी, दिवसाची मोठी." म्हणजे दुपारची रेघ बघून रात्रीचा तंबू लावणारे आम्ही पहिल्या यत्तेतच नापास. मग त्यांनी हिशेब शिकवला : जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं, येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. पुढचे ५३ दिवस ह्यांनी हा हिशेब रोज सकाळी चहाबरोबर केला. वीस-पंचवीस मिनिटं इकडे-तिकडे होतात, पण तंबूसाठी पुरेसा आहे.

दुसरा धडा दवाचा. किनाऱ्यावर थंडी फार नसते, आम्हाला रात्री कधी एका चादरीच्या वर काही लागलं नाही. पण उघड्यावरचा तंबू सकाळी पिळून काढावा असा ओला होतो. सुरूच्या बनात लावला तर निम्मं दव वरच अडतं आणि खाली सुयांची गादी मिळते. माडाखाली मात्र मुळीच नाही. नारळ पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सुकी झावळ पडली तरी तंबू फाटतो आणि माणूसही. वाऱ्याचंही तसंच. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई. तंबूची पाठ डोंगराकडे आणि तोंड समुद्राकडे ठेवलं की रात्र सुखाची जाते. दुपारी वाळू आत येते, तेव्हा तसाही तंबूत कोण बसतंय?

रायगड जिल्हा आम्ही भरभर उरकला. शनिवार-रविवारी तिथे गाडी लावायला जागा नसते, मग तंबू कुठला! आगरदांड्याहून जंगल जेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून पुन्हा जेटीने सावित्री ओलांडून वेसवी. जेटीवर ओम्नी चढली की हे खाली उतरून कठड्याला टेकायचे आणि पलीकडचा काठ येईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना इतकं गप्प फक्त मुलीच्या बारावीच्या निकालादिवशी पाहिलं होतं.

आता मुख्य गोष्ट. ५४ रात्रींपैकी वाळूवर आम्ही फक्त ९ रात्री काढल्या. ६ सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. उरलेल्या ३९ रात्री कुणाच्या ना कुणाच्या वाडीत, खळ्यात नाहीतर घराच्या मागल्या दारी. असं ठरवलेलं नव्हतं, वेळासनंतर आपोआप झालं. गावात शिरलं की आधी देवळात जायचं, मग तिथे भेटेल त्याला विचारायचं, "दोन रात्री राहायचंय, गाडी आमचीच आहे, जागा तेवढी हवी." दर वेळी कुणीतरी कुणाचं तरी घर दाखवलं. दिवसाला दोनशे-अडीचशे रुपये, संडास-न्हाणीघर त्यांचं, चुलीवरचं गरम पाणी. जेवण हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे. काही जण पैसे घेत नव्हते, त्यांच्याकडून आम्ही कोकम, कुळथाचं पीठ, फणसाची साटं असं दुप्पट भावाने विकत घेतलं.

गुहागर तालुक्यात एका काकींच्या वाडीत दोन रात्रींसाठी गेलो आणि नऊ रात्री राहिलो. गावाचं नाव लिहीत नाही, काकींनी बजावलंय, "नाव टाकू नको हो, मग माणसं मोप येतील." वाडीत पुढे पोफळी, मागे माड, शेवटी चिऱ्यांचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्यातली बेडी, म्हणजे फाटक, ओलांडली की थेट पुळण. आमचा तंबू गडग्याच्या आत. पोफळीची काढणी चालू होती, अंगणभर सुपाऱ्या वाळत पडलेल्या. मी काकींबरोबर आडकित्ता घेऊन बसायचे. माझा वेग बघून त्या पहिल्या दिवशी हसल्या, पाचव्या दिवशी हसायच्या थांबल्या. ह्यांनी पंपाचा स्टार्टर दुरुस्त केला, त्यानंतर आमच्याकडे रोज एक शहाळं येऊ लागलं आणि शेजारच्या दोन घरांतले पंपसुद्धा.

तिथेच अमावास्येच्या रात्री काकींचा नातू धावत आला, "आजी, पाणी पेटलंय!" बाहेर गेलो तर लाटा फुटतायत आणि प्रत्येक लाटेच्या कडेने निळा उजेड धावतोय. ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवती ठिणग्या. नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की ते चमकतात, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी आणि हे अनवाणी पाय आपटत सुटलो होतो, एवढंच सांगते.

नाताळ ते पहिली तारीख किनारा आमचा नव्हे हे आधीच ठरवलं होतं. तेवढे दिवस राजापूरकडे सड्यावर गेलो. कातळावर कोरलेले हत्ती, मासे, माणसं, आणि आसपास एक चिटपाखरू नाही. या कातळशिल्पांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेलंय. वर थंडी चांगलीच वाजते, त्या सहा रात्री दोघांनी ओम्नीतच काढल्या. येताना-जाताना आंब्याच्या बागा होत्या, मोहोर नुकता फुटत होता. बागेत तंबू लावायचा मोह होतो, लावू नका. त्या दिवसांत फवारणी चालू असते, आणि राखणदार रात्री बॅटरी घेऊन फिरत असतो तो तुम्हाला चोरच समजणार.

विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर एकेक रात्र. तारकर्लीला चहा पिऊन पुढे निघालो. शेवटचे अठरा दिवस वेंगुर्ले तालुक्यात. तिथे सकाळी रापण बघितली. बघितली म्हणजे ओढली. होडी जाळं घेऊन समुद्रात मोठा अर्धगोल मारते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे तीस-तीस माणसं तो ओढत मागे सरकतात. तास-दोन तास. हे उत्साहाने दोराला लागले आणि अर्ध्या तासात कंबर धरून बसले. तरी वाटे घातले तेव्हा एका मामांनी आठ बांगडे केळीच्या पानात बांधून हातावर ठेवले. मी "अहो, आम्ही कुठे काय केलं" म्हणाले, तर मामा म्हणाले, "हात लावलास मां?"

त्याच आठवड्यात गावच्या जत्रेत दशावतार. रात्री अकराला सुरू, पहाटे साडेपाचला दहीहंडी फुटली तेव्हा संपला. संकासुर आला तेव्हा माझ्या मांडीवर शेजारचं एक अनोळखी पोर झोपलं होतं, हलताही येईना.

खर्च : पेट्रोल १३ हजार, जागेचे १० हजार, खाणं-पिणं २६ हजार, जेट्या आणि किरकोळ दीड हजार, क्लच प्लेट ६ हजार. साडेछप्पन्न हजारांत दोन माणसं, आठ आठवडे. विचारा काय विचारायचं ते.

नवखा_भटक्या :

ताई, जबरदस्त. एक विचारायचं होतं, जरा संकोच वाटतोय. वाळूवरच्या नऊ रात्री संडासचं काय केलंत? माझी बायको फक्त याच एका मुद्द्यावर अडून बसली आहे.

सुरूबन :

तिचंच बरोबर आहे, अडूनच बसू दे. नऊपैकी सात रात्री आम्ही अशा ठिकाणी होतो जिथे पाच मिनिटांवर ओळखीचं घर किंवा देवस्थानचा भक्तनिवास होता. दोन रात्री नव्हतं. तेव्हा घरून नेलेलं खुरपं घेऊन सुरूच्या बनामागे, वस्तीपासून आणि विहिरीपासून लांब, हातभर खोल खड्डा. कागद पुरायचा नाही, पिशवीत बांधून परत आणायचा. पुळणीवर बसायचं नाही, तिथे सकाळी माणसं जाळी पसरतात. शिवाय ओम्नीत झाकणाची बादली होती. आणीबाणीसाठी. एकदाच वापरली, तपशील विचारू नका.

घाटावरचा_गडी :

वाडीत झोपलात, चुलीवरचं पाणी, रोज शहाळं. याला कॅम्पिंग म्हणायचं की मामाच्या गावाला जाऊया? 😄

सुरूबन :

मामाच्या गावाला म्हणा, माझी हरकत नाही. मामा फक्त अडीचशे रुपये घ्यायचा.

खाडीपलीकडे :

मी दापोली तालुक्यातला. घराच्या मागे समुद्र आहे, तीन खोल्यांचं घरगुती निवास चालवतो. तुमचं लेखन आवडलं, पण हा धागा वाचून पुढच्या थंडीत शंभर ओम्न्या येतील म्हणून लिहितो.

तुम्ही विचारून राहिलात. तुमच्यासारखे शंभरात पाच. बाकीचे काय करतात सांगू? रात्री दहाला येतात, सुरूच्या बनात तंबू, शेकोटीसाठी सुरूच्याच फांद्या तोडतात. ही झाडं वाळू धरून ठेवावी म्हणून लावलेली आहेत, सरपण म्हणून नाही. दोन वाजेपर्यंत गाणी. सकाळी निघून जातात आणि मागे बाटल्या. माझ्या पुतण्याच्या टाचेत काच घुसली, चार टाके पडले. गाड्या पुळणीवर घालतात, रुततात, मग भरती चढायला लागली की आमच्याच दारात, "दादा, ट्रॅक्टर मिळेल का?" मागच्या सीझनला तीन गाड्या ओढल्या. एकाने तर ट्रॅक्टरच्या भाड्यात घासाघीस केली, पाणी दरवाजापर्यंत आलेलं असताना!

आणि दुसरं. तुम्ही आठ आठवड्यांत जागेचे दहा हजार दिलेत. माझ्या एका खोलीचे पंधराशे होतात. सोलर, संडासची टाकी, पंचायतीची घरपट्टी, निसर्ग वादळात उडालेले पत्रे, हे सगळं त्यातूनच. तंबूवाल्याकडून गावाला काय मिळतं? कचरा आम्ही उचलायचा.

सुरूबन :

खाडीपलीकडे, काचेचं वाचून वाईट वाटलं. शेकोटीबद्दल शंभर टक्के मान्य, आम्ही एकदाही पेटवली नाही. पैशांबद्दल मात्र पूर्ण मान्य नाही. पंधराशेच्या खोलीत आम्ही ५४ रात्री राहूच शकलो नसतो, चार दिवसांत घरी आलो असतो. जे २६ हजार खाण्यापिण्यावर गेले ते गावातल्या दुकानांत, खानावळींत, मासेवालीकडे आणि काकींकडेच गेले, पुण्याहून आम्ही फक्त चहा पावडर नेली होती. ज्या घरांत राहिलो त्यांतल्या एकाकडेही भाड्याने द्यायला खोली नव्हती. दोनशे रुपये त्यांना नको होते असं मला वाटत नाही.

खाडीपलीकडे :

ते ठीक. पण काकींच्या दोनशेत संडासची टाकी उपसायचा खर्च धरलाय का? आमच्याकडे उपसायची गाडी लांबून बोलवावी लागते. नऊ दिवस दोन माणसं जास्त. हिशेब तुम्ही छान करता म्हणून विचारतो.

सुरूबन :

नाही धरला. डोक्यातच आलं नाही. काकींना फोन करते.

टिटवी :

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. एक, फुरसं, हा छोटा पण विषारी साप. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिऱ्यांच्या गडग्याजवळ तंबू म्हणजे फुरशाच्या उंबऱ्यावर तंबू. थंडीत कमी दिसतं, दिसतच नाही असं नाही. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, तंबूची चेन कायम बंद ठेवा, गडग्यापासून आठ-दहा फूट सोडा. दोन, विंचू. बूट-चप्पल सकाळी आपटूनच घाला. लाल विंचू चावला आणि घाम सुटून हातपाय गार पडायला लागले तर मंत्र-पाला करत बसू नका, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, त्याआधी कोकणात या दंशाने माणसं सर्रास दगावायची. औषध साधं आहे, पण वेळेत पोचलं पाहिजे. साप चावला तरी तेच : आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चावलेला अवयव न हलवता दवाखाना.

ताई, गडग्याच्या आत नऊ रात्री म्हणालात ना? देव तुमच्या पाठीशी होता.

सुरूबन :

हे वाचून ह्यांनी आत्ता घरातली चप्पलसुद्धा आपटून घातली.

बांगडा_तिकला :

ताई, रापणीक हात लावलास म्हणजे वाटो गावतलोच, थंयसर पावणो-बिवणो काय नसता. बांगड्याचा तिकला केलास काय? केलास तर तिरफळां घालूक इसरू नकात.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. रापण तुम्हाला बघायला मिळाली हे नशीब समजा. माझ्या लहानपणी आमच्या किनाऱ्यावर तीन रापणसंघ होते, आता एक, आणि तोही रोज जात नाही. पर्ससीनवाले, म्हणजे प्रचंड गोल जाळी टाकणाऱ्या यांत्रिक बोटी, मोठाले थवेच्या थवे बाहेरच उचलतात, किनाऱ्यापर्यंत बांगडा पोचतो कुठे? २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, कागदावर. वर आता रात्री लख्ख दिवे लावून मासेमारी चालते. तुम्ही संध्याकाळी क्षितिजावर दिव्यांची रांग बघितली असेल आणि "काय सुंदर" म्हणाला असाल.

सुरूबन :

म्हणाले होते. फोटोही काढलाय.

अलिबागकरीण :

बाकी सगळं ठीक, पण तुम्ही रायगड "भरभर उरकला" वाचून जीव तुटला. उलटं जायचं होतंत! डिसेंबरात खालून सुरुवात आणि जानेवारीअखेर आमच्याकडे. तेव्हा वालाच्या शेंगा भरतात आणि शेतांत पोपटी लागते. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि जाडं मीठ, वरून पुन्हा पाला गच्च दाबून तोंड बंद. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-गवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं, चर्रकन उडालं की झालं. भांबुर्ड्याचा तो उग्र वास शेंगांत उतरतो, शहरातल्या ओव्हनमध्ये नाही येत. जी काय शेकोटी करायची ती अशी, शेतात, घरमालकाबरोबर.

नवखा_भटक्या :

भांबुर्डा म्हणजे पुण्याचं जुनं शिवाजीनगर ना? 🙂

अलिबागकरीण :

तेच नाव, ही रानटी वनस्पती. तुमच्या शिवाजीनगरात आता मेट्रो उगवते, आमच्याकडे अजून हीच उगवते.

वाळूत_पाऊल :

गुहागरला दोन हंगाम कासवांच्या कामात मदत केलीये. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. किनाऱ्यावर उजेड दिसला तर मादी वर न येताच परत फिरते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पिल्लं तर उजेडाकडेच चालत सुटतात. त्यामुळे वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर, मालगुंड, गावखडी, वायंगणी, या किनाऱ्यांवर भरतीरेषेजवळ तंबू आणि कंदील नकोच. पहाटे वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखा पट्टा दिसला तर त्यावर चालू नका, फोटोही नंतर, आधी गावातल्या कासवमित्राला कळवा. घरटं हलवायचं काम त्यांचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. २०२३ मध्ये गुहागरला पाठीवर उपग्रह यंत्र बसवलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. इतक्या लांबची पाहुणी आपल्या कंदिलामुळे माघारी गेली तर कसं वाटेल?

सुरूबन :

आम्हाला गुहागरलाच एका पहाटे असा पट्टा दिसला होता. काकींचा नातू कासवमित्र काकांना बोलवायला पळाला, आणि तोवर ह्यांनी दोन्ही हात पसरून पट्ट्याची राखण केली, ट्रॅफिक हवालदारासारखी. एक कुत्रं आलं होतं, त्याला हटवलं.

शंकेखोर :

भरतीचा पाऊणचा नियम. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. तुम्ही तर बाराच्या सुमाराला भिजलात. शिवाय वद्य पक्षात तिथी कुठली धरायची, १६, १७?

सुरूबन :

वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन, तीन. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड. दर दिवशी पाऊण तासाच्या आसपास पुढे जाते म्हणून पाऊणपट. खाडीच्या आत भरती आणखी उशिरा पोचते. बाराच्या सुमारास भिजलो हे खरं, पण पाणी सव्वाअकराला आलं आणि मला बाराला कळलं असंही असू शकेल. झोप गाढ आहे माझी.

खाडीपलीकडे :

यात एक भर. हा हिशेब वेळेचा, उंचीचा नाही. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, खाली वेंगुर्ल्याकडे त्याच्या निम्म्यावर. वेंगुर्ल्यात जिथे तंबू कोरडा राहतो तेवढ्याच अंतरावर अलिबागला लावलात तर पुन्हा चप्पल जाईल. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं. नवख्यांनी त्याच दिवसांत वाळूवर झोपावं. हे माझ्याकडून फुकट.

वहिनीसाहेब :

सगळे भरती-ओहोटीच विचारतायत. मला सांगा, दोन माणसं आठ आठवडे सहा फुटांच्या गाडीत. भांडणं किती झाली?

सुरूबन :

मोजली नाहीत, मोठी तीन. पहिलं रस्ता विचारण्यावरून, हे विचारत नाहीत. हेदवीला बामणघळीत भरतीचं पाणी उसळताना बघायचं होतं, आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी, कारण चाळीस मिनिटं आम्ही एका काजूच्या बागेत गोल फिरत होतो. दुसरं घोरण्यावरून. विसाव्या रात्रीपासून मी तंबूत आणि हे ओम्नीत. काकींना वाटलं आमचं बिनसलंय, त्यांनी दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन चौकशी केली. खरं कारण सांगितल्यावर म्हणाल्या, "आमचे होते तेव्हा मी पडवीत निजायची." सड्यावर थंडीमुळे सहा रात्री पुन्हा एकत्र झोपावं लागलं, ते दिवस मोजून काढले. तिसरं लिहीत नाही. ते शिरोड्याला झालं, मिठागरांच्या बांधावर, आणि दोन तास आम्ही दोन बांधांवर बसलो होतो. शेवटी मिठागरातल्या एका बाईने दोघांना एकाच तांब्यातून पाणी दिलं, तेव्हा मिटलं.

एसटीप्रेमी :

जेट्यांबद्दल विचारायचंय. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, दोन्हीकडे ओम्नी चढली का? रांग किती?

सुरूबन :

दोन्हीकडे चढली, बसही चढते. आठवड्याच्या मधल्या वारी रांग नव्हतीच. दाभोळची जेटी घेतली नाही तर वाशिष्ठीला वळसा घालून चिपळूणवरून यावं लागतं, अर्धा दिवस जातो. उतरताना पहिल्या गिअरमध्येच राहा, ओल्या फळीवर आमची चाकं फिरली होती. सागरी महामार्गावरचे खाडीपूल झाले की हा वळसाही जाईल आणि जेटीही, म्हणून ह्यांचं म्हणणं आहे की पुढच्या वर्षीच पुन्हा जाऊया.

सुरूबन :

काकींना फोन झाला. टाकीचं विचारलं तर पाच मिनिटं हसत होत्या. मग म्हणाल्या, गाडी मे महिन्यात बोलवणार आहेत, खर्चाचा अर्धा वाटा तुमचा, आणि तो द्यायला स्वतः यायचं, गुगल पे चालणार नाही. खाडीपलीकडे, तुमच्यामुळे आता भर उन्हाळ्यात गुहागर.

खाडीपलीकडे :

मेमध्ये तंबूत भाजून निघाल. येताना आमच्याकडे थांबा. खोली पंधराशे, तुम्हाला बाराशे. टाकीचा खर्च आत धरलेला आहे.

नवखा_भटक्या :

बायको तयार झाली! फक्त आमचा लॅब्राडोर बरोबर असेल. वाडीत चालतो का कुत्रा?